दहा ओळींची आठवण

यंत्राने पासवर्ड विचारला नाही, तेव्हा तिला आधी वाटलं आपणच काहीतरी चुकीचं दाबलं. निळी चपटी तार तिने लॅपटॉपला लावली होती, तारेचं दुसरं टोक कपाटातल्या त्या जुन्या नेटवर्क स्विचच्या, म्हणजे संगणकांच्या तारा एकमेकांशी जोडणाऱ्या खोक्याच्या, तोंडात बसवलं होतं, एंटर दाबलं होतं, आता नेहमीप्रमाणे "कोण तू?" असं विचारून यंत्राने अडवायला हवं होतं. त्याऐवजी काळ्या पडद्यावर नुसतं त्याचं नाव आलं, त्यापुढे ते छोटं टोकदार चिन्ह, आणि त्याच्यापुढे लुकलुकणारी चौकट. म्हणजे दार उघडंच होतं. कुणीतरी आत येऊन काम करून गेलं होतं आणि जाताना दार लोटायचं विसरलं होतं. तिची पहिली प्रतिक्रिया साहेबाची होती, ती चिडली. इस्पितळातल्या सगळ्या मजल्यांवरच्या असल्या खोक्यांची ती प्रमुख. कुठल्याही खोक्यातून बाहेर पडताना 'एक्झिट' लिहिल्याशिवाय तार उपटायची नाही, हे ती खात्यात आलेल्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी सांगत असे. आणि मग तिच्या लक्षात आलं की हे तिचं वाक्य नव्हतंच. ते तिने ज्याच्याकडून उचललं होतं, त्याच्याशिवाय या खोलीत तार घेऊन कुणी आलेलंच नव्हतं. बाकी सगळे खालच्या मजल्यावर खुर्चीत बसून लांबूनच काम उरकत. या खोक्यापाशी समोर बसून शेवटचं काम केलं होतं तिच्या नवऱ्याने, चार वर्षांपूर्वी, आणि ते काम त्याला तिनेच दिलं होतं.

खोली लहान होती. खोली कसली, क्ष-किरण विभागाच्या मागची अडगळीएवढी जागा. भिंतीत शिशाचे पत्रे, त्यामुळे आत मोबाइल मुका. कपाटभर तारा, त्यांतल्या बऱ्याच आता कुठेच न जाणाऱ्या, कारण हा सगळा विभाग नव्या इमारतीत गेला होता. दारात वायरमन उभा होता, तिच्याच वयाचा, एक गुडघा वाकवून, दुसऱ्यावर भार देऊन. मुख्य जोडणी त्याने सकाळीच तोडली होती. आता फक्त वीज काढायची, चार स्क्रू, आणि खोकं भंगारात. खात्याचा नियम एवढाच, की यंत्र काढण्याआधी त्याच्या पोटातली मांडणी, कुठली तार कुणाची, हे लॅपटॉपवर उतरवून घ्यायचं. दोन हुकूम द्यायचे, चार मिनिटांचं काम. वायरमन म्हणाला, "मॅडम, निरोपाचं भाषण करतंय का ते?" ती हसली नाही. जरा बाहेर थांबा, पाणीबिणी पिऊन या, असं म्हणाली. तो गेला. जाताना गुडघ्याला उद्देशून काहीतरी पुटपुटला.

पंख्यांची घरघर चालू होती. या खोक्यांचे पंखे दिवसरात्र चालतात; ज्या दिवशी ते ऐकू येत नाहीत त्या दिवशी घाबरायचं, असं तो म्हणायचा. तो म्हणजे तेव्हाचा. कडक कॉलरीचा, ओठात पेन धरणारा, आणि कुणालाही शिकवायला बसला की आधी कीबोर्डवरचा एकच बाण दाखवणारा. "हा वरचा बाण. एकदा सांगितलेलं यंत्राला दुसऱ्यांदा सांगायचं नसतं. दाब, ते स्वतःच आठवून देईल." एकदा दाबला की शेवटचा हुकूम, पुन्हा दाबला की त्याच्या आधीचा, असं मागे मागे. खात्यात त्याला बाणवाले सरच म्हणत. तिनेही तसंच म्हणून सुरुवात केली होती. ती नवी होती, तो तिच्या खुर्चीमागे उभा होता, आणि ती तोच लांबलचक हुकूम पुन्हा अक्षर अक्षर टंकत होती, तेव्हा मागून हात आला आणि एक बोट बाणावर पडलं. हाताला साबणाचा वास होता. सगळा हुकूम एका झटक्यात परत उमटला आणि तिला उगाचच हसू आलं होतं, लहान मुलाला जादू दाखवल्यासारखं. त्यानंतर बरीच वर्षं ते ऑफिसात अहो-जाहो करत आणि घरी अरे-तुरे, आणि त्या बदलाची वेळ, फाटकातून बाहेर पडतानाची, दोघांनाही आवडायची. फाटकाबाहेर पाऊल पडलं की तो म्हणायचा, "काय ठके?" ठकू हे तिचं माहेरचं नाव, तिच्या थोरल्या बहिणीने ठेवलेलं, नवऱ्याने ते कुठून तरी पैदा केलं आणि स्वतःचं करून टाकलं.

तिने बाणावर बोट ठेवलं, पण दाबलं नाही. या यंत्राला फक्त शेवटचे दहा हुकूम आठवतात हे तिला ठाऊक होतं. वाढवता येतात, पण तो कधी वाढवत नसे. दहा पुरे, ज्याला दहाच्या मागचं लागतं त्याचं डोकं ठिकाणावर नाही समजावं, असं म्हणायचा. अकरावा दिला की पहिला गळतो. आणि एक्झिट म्हटलं, किंवा वीज गेली, की सगळेच. म्हणून तर कुणी त्यांच्याकडे आठवण म्हणून बघत नाही. ती एका बैठकीपुरती सोय. पण ही बैठक मोडलीच नव्हती. काम करताना मध्ये पाच-दहा मिनिटं गप्प बसलं तर यंत्र माणसाला आपणहून बाहेर काढतं, ते त्याला खपत नसे. "अर्ध्या वाक्यात उठवून लावतं मेलं," असं म्हणून तो आधी ती मुदतच काढून टाकायचा आणि काम झाल्यावर, न चुकता, परत घालायचा. त्या दिवशी घातली नव्हती. म्हणजे चार वर्षं हे खोकं इथे अंधारात त्याच्यासाठी दार उघडं ठेवून बसलं होतं. आत त्याचे शेवटचे दहा हुकूम होते, आणि ते त्या संध्याकाळचे होते.

त्या संध्याकाळी ती खाली पार्किंगमध्ये गाडीत बसली होती. लेक दूरच्या शहरात नोकरीला निघाली होती; संध्याकाळची गाडी, सामान घेऊन मैत्रिणीबरोबर आधीच स्टेशनवर गेलेली, हे दोघं निरोप द्यायला जाणार होते. वर क्ष-किरणाच्या नव्या यंत्राची जोडणी त्याच दिवशी व्हायला हवी होती, आणि ती त्याच्याइतकी चटकन कुणालाच जमली नसती, म्हणून तिने त्याला पाठवलं होतं. पंधरा मिनिटांत येतो म्हणाला होता. ती वाट बघत राहिली. फोन लागत नव्हता. एकदा हॉर्न वाजवला, मग पहारेकऱ्याने इस्पितळ आहे बाई म्हटल्यावर शरमून गप्प बसली. तो आला तेव्हा दिवे लागले होते. हातात निळी तार, गुंडाळायचीही तसदी न घेतलेली, बॅग वरच राहिलेली. "काम लांबलं," एवढंच म्हणाला. ती वाटभर बोलली, तो काचेतून बाहेर बघत होता. स्टेशनवर पोचले तेव्हा फलाट रिकामा होता आणि एक झाडूवाला उरलेले कागद पुढे ढकलत होता. त्या महिन्यातच तिला बढती मिळाली होती, तो तिच्या हाताखाली आला होता. खात्यात विनोद चालायचे, सरांना आता रजा मागायला घराबाहेर पडायची गरज नाही वगैरे. तो हसायचा, तीही हसायची. त्या फलाटावर ती हसणं विसरली. "मी सांगितलेलं काम म्हणून मुद्दाम उशीर केलास ना?" असं तिने विचारलं होतं. तो तिच्याकडे बघत राहिला, प्रश्न कळायला वेळ लागावा तसा. मग म्हणाला, "चल घरी." पुढच्या आठवड्यात त्याने राजीनामा दिला, तिला न सांगता. तिच्या टेबलावर तो इतर कागदांबरोबर शिपायाने आणून ठेवला आणि तिने त्यावर सही केली.

तेव्हापासून घर थंड झालं. भांडण असतं तर बरं होतं. तो खिडकीपाशी बसायचा, ती सात वाजता यायची, जेवण वाढायची. तो बोलत नसे आणि ती ते मोजून मनात ठेवत असे. पुरुषाला बायको वर गेलेली सोसत नाही, असं तिची बहीण म्हणाली, आणि तिने ते ऐकून घेतलं, सोयीचं होतं. राग धरायला काहीतरी कडी लागते, ती मिळाली. मग खूप नंतर गॅस चालू राहायला लागला, मग एकदा तो चपला घालून आंघोळीला गेला, मग डॉक्टर आले. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "कधीपासून?" तिने गेल्या हिवाळ्यापासून असं सांगितलं. लेकीनेही फोनवर तेच विचारलं, "कधीपासून गं आई?" तिलाही तेच सांगितलं. पण रात्री कूस बदलताना तो प्रश्न तिच्याबरोबर कूस बदलायचा. कारण राजीनामा आणि हिवाळा यांच्यामध्ये दोन-अडीच वर्षं पडली होती, आणि ती तिने रुसून काढली होती. तेव्हाच्या गप्प बसण्यात आजार होता, की खरोखरच अढी होती? आजार असेल तर ती एका आजारी माणसावर रुसली होती. अढी असेल तर त्याला एके काळी शुद्धीत, पूर्ण शुद्धीत, ती नकोशी झाली होती. दोन्हींपैकी काय निघालेलं आपल्याला बरं वाटेल, हे तिला आजवर ठरवता आलं नव्हतं. विचारायची सोय तर कधीच संपली होती.

तिने बाण दाबला.

शो क्लॉक. घड्याळ दाखव. पडद्यावर तेवढीच ओळ आली, आणि तिला सर्वांत आधी खटकलं ते तिचं पूर्ण असणं. तो कधी पूर्ण शब्द लिहीत नसे. यंत्राला शब्दाचं टोक पुरतं. दोन-तीन अक्षरं दिली की उरलेलं ते ओळखतं, आणि तो तर टोकांचाच माणूस, शिकाऊ लोक त्याचा पडदा बघून कपाळाला हात लावायचे. इथे एकेक अक्षर होतं, वहीत गिरवल्यासारखं. आणि वेळ कशाला? मनगटावर घड्याळ होतं त्याच्या. ती थांबली. तिने पुन्हा बाण दाबला.

ठकू.

हुकूमच नव्हता तो. रोमन अक्षरांत, बाकी काहीही न लिहिता, तेवढंच नाव. ती ओळ लुकलुकत्या चौकटीशेजारी शांत उभी होती. असा ओळखीचा नसलेला एकटा शब्द दिला तर ही यंत्रं काय करतात, हे त्यानेच तिला दाखवलं होतं. ती त्याला चूक म्हणत नाहीत. ती समजतात की या नावाचं कुठेतरी दुसरं यंत्र असेल, आणि ते शोधायला निघतात. सगळ्या तारांतून हाक देतात, कुणी ओ देतं का बघतात, आणि तोवर कीबोर्डला दाद देत नाहीत. शेवटी सापडलं नाही म्हणून परत येतात. शिकाऊ माणूस बोट चुकलं की असा अडकून बसायचा आणि तो हसायचा, "गेलं शोधायला. बसा आता." त्या संध्याकाळी तो असा बसला होता. शिशाच्या भिंतींत फोन मुका, समोर हे खोकं, आणि खोकं तिला शोधत होतं. ती तेव्हा खाली, तीन जिन्यांखाली, हॉर्नवर हात ठेवून होती.

पुढचं तिने भराभर दाबलं, दुखऱ्या दाताला जीभ लावावी तसं. त्याच्या आधी, हू. आत कोण कोण आहे, असा विचारणारा हुकूम. उत्तरात फक्त तोच आला असणार. त्याच्या आधी पुन्हा घड्याळ. त्याच्या आधी फिनिश. त्याच्या आधी क्लोज. ती त्या दोन शब्दांकडे बघत राहिली आणि मग हळूहळू, खोल पाण्यात वस्तू दिसत जावी तसं, तिला कळलं. त्याला बाहेर पडायचं होतं. काम झालं होतं आणि बाहेर पडायचा शब्द त्याला सापडत नव्हता. आयुष्यभर रोज लिहिलेला, तिला शिकवलेला, सगळ्यांना दटावून सांगितलेला तो शब्द गेला होता, आणि तो त्याच्या आसपासची दारं ठोठावत होता. मग किती वाजले बघितलं. मग इथे कोण आहे विचारलं. मग तिला हाक मारली. मग पुन्हा किती वाजले. मग केव्हातरी, शब्द न सापडताच, तार उपटून तो खाली आला आणि म्हणाला, काम लांबलं.

आणखी मागे बाण नेला, आणि तिथे तो अचानक बरा झाला. केलेलं काम पक्कं करायचा हुकूम, दोन अक्षरांत. नव्या यंत्राला हाक देऊन ओ येते का बघायचा, टोकाटोकांत. त्याच्या आधी मांडणीत शिरायचा. आणि सगळ्यांच्या मागे, दहावा, लांबलचक, मधोमध उभी रेघ देऊन चाळणी लावलेला, म्हणजे शंभर ओळींतून नेमकी हवी तीच वर यावी. अशी चाळणी खात्यात फक्त तोच लावायचा. त्यात एक जागाही वाया गेलेली नव्हती. तिला त्याची मनगटं दिसली, दुमडलेल्या बाह्या, ओठातलं पेन. तिने आणखी एकदा बाण दाबला. ओळ हलली नाही. यापलीकडे यंत्राला काही आठवत नव्हतं.

ती वर-खाली करत राहिली. खाली गेलं की तो हरवायचा, वर गेलं की सापडायचा. हे यंत्र जुनं आधी विसरतं, आणि तो नवं आधी विसरतो. लेकीच्या लहानपणीचा ताप त्याला आठवतो, सकाळचा चहा नाही. तिला आता दोन हुकूम द्यायचे होते, नियमाप्रमाणे. प्रत्येकाबरोबर वरचा एकेक गळणार होता. आधी ती चाळणी, मग त्याच्या पाठचा. म्हणजे जो बरा होता तो आधी जाणार आणि हाका मारणारा तेवढा उरणार. ही जागा वाढवायचा हुकूम होता, पण तोही हुकूमच. दिला की चाळणी जाणार. यादी एकत्र मागितली तरी तेच. फोटो काढावा म्हणून तिने फोन उचलला. ओळ एकावेळी एकच दिसत होती, दहा फोटो लागले असते. कुणाला दाखवायचे? डॉक्टरांना उत्तर द्यायचं असेल तर ते आता एका वाक्यात देता येत होतं. तिने फोन खाली ठेवला, मग परत उचलला आणि उठून कॉरिडॉरमध्ये गेली, जिथे रेंज येत होती.

फोन वन्संनी घेतला. त्या त्याच्याहून पाच वर्षांनी मोठ्या, स्वतःच्या पाठीचा पट्टा आवळून भावाकडे येऊन राहिलेल्या. आज ठीक आहे, म्हणाल्या, आंघोळ झाली, फक्त सकाळपासून तीच टकळी. किती वाजले आणि कोण आलंय. सांगून सांगून जीभ झिजली माझी, म्हणाल्या. त्याला द्या, असं तिने सांगितल्यावर त्या क्षणभर थांबल्या, कारण हल्ली ती त्याला फोनवर बोलावत नसे. मग पलीकडे कपड्यांची सळसळ झाली आणि श्वास ऐकू आला.

"कोण?"

"मी. ठकू."

बराच वेळ काही नाही. तिला वाटलं, आता शोधतोय. तिने घाई केली नाही.

"ठके," तो म्हणाला, आणि आवाज त्याचाच होता, फाटकाबाहेरचा. "किती वाजले गं?"

"बारा वाजत आलेत."

"तू खालीच आहेस ना? गाडीत? माझं झालंच आहे. फक्त हे एवढं बंद करतो आणि येतो. पोरीची गाडी चुकायची."

कॉरिडॉरच्या टोकाला वायरमन नळाखाली तोंड धरून पाणी पीत होता. तिने भिंतीला पाठ टेकली. भिंत गार होती.

"नाही चुकत," ती म्हणाली. "मी थांबलेय खाली. सावकाश ये तू."

"रागावलीस?"

"नाही रे."

"किती वाजले?"

"बारा वाजत आलेत," ती म्हणाली, पहिल्यांदाच सांगावं तसं. तो बरं म्हणाला. मग फोन कुठेतरी टेबलावर ठेवला गेल्याचा आवाज आला, आणि दूर वन्सं कुणाला तरी, म्हणजे त्यालाच, स्वेटरची बाही कुठली ते सांगत होत्या.

ती आत आली. खुर्चीत बसली आणि नियमाप्रमाणे हुकूम दिले, टोकाटोकांत, तो द्यायचा तसे. पडद्यावरून मांडणी धावत गेली, त्याने त्या संध्याकाळी घातलेल्या नव्या तारा तीत होत्या, एकही चुकलेली नव्हती. वरचं काय गळालं ते तिने बाण दाबून बघितलं नाही. मांडणी नीट उतरली याची खात्री केली. मग चौकट लुकलुकत राहिली आणि ती तिच्याकडे बघत राहिली, आणि मग तिने त्याला न सापडलेला शब्द लिहिला. रोमन चार अक्षरं. एंटर दाबल्यावर पडदा पुसला गेला आणि यंत्राने, कुणाही परक्याला विचारावं तसं, पासवर्ड विचारला. तिने निळी तार काढली आणि व्यवस्थित गुंडाळली, मनगटाभोवती तीन वेढे आणि टोक आतून.

"काढू?" वायरमनने दारातून विचारलं.

"काढा."

पंखे थांबले. तो आवाज एवढा मोठा होता हे तिला तेव्हा कळलं. वायरमन म्हणाला, चार वर्षांत एकदाही बंद पडलं नाही, मॅडम, असलं यंत्र आता मिळत नाही. ती हो म्हणाली.

जिने उतरून ती पार्किंगमध्ये आली. गाडी उन्हात तापली होती. किल्ली हातात होती, दुपारची रजा तिने वाटेतच फोनवरून सांगून टाकली होती, घर वीस मिनिटांवर होतं. तिने दार उघडलं, आत बसली, काच खाली केली. किल्ली लावली नाही. इमारतीच्या दाराकडे तोंड करून थोडा वेळ तशीच बसून राहिली.